न वाजणारा टॅपेट

गाडी १.२ लिटरची, चार सिलिंडरची, कंपनी फिटिंग सीएनजीची. रनिंग लाखाच्या वर, त्यातलं बहुतेक गॅसवर. सकाळी थंड असताना इंजिन सुरळीत चालायचं. गरम झाल्यावर सिग्नलला उभी राहिली की मिसिंग सुरू, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनमधून पेटत नव्हता. रेस दिली की मिसिंग जवळजवळ बंद. स्कॅनरवर पी०३०२, म्हणजे दोन नंबर सिलिंडर. चारही प्लग नवे, दोन नंबरची कॉईल नवी, इंजेक्टर साफ केलेले. कॉम्प्रेशनही पाहून झालं होतं, पण थंड इंजिनावर, आणि ते चांगलं आलं होतं.

पेट्रोलवर टाकूनही मिसिंग तसंच राहत होतं. त्यामुळे रेग्युलेटर, गॅसचे इंजेक्टर, गॅसचा फिल्टर हे सगळं एका फटक्यात बाजूला झालं. तक्रार गरम इंजिनाची असल्यामुळे रेडिएटरचा पंखा एकदा लागून गेल्याशिवाय मी एकही माप घेतलं नाही.

सुरुवात कॉईलच्या, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या भागाच्या, करंटपासून. कॉईल्सचा फ्यूज काढून तिथे फ्यूजसकट वायरचा लूप घातला आणि त्यावर लो-अ‍ॅम्प क्लॅम्प (तारेभोवती बसून करंट मोजणारा चिमटा) लावला. चारही कॉईल्सचा करंट असा स्कोपच्या, म्हणजे आलेख काढणाऱ्या यंत्राच्या, एकाच रेषेवर दिसतो, कव्हरं काढत बसावं लागत नाही. दुसरा चॅनल एक नंबर कॉईलच्या ट्रिगरवर, म्हणजे ठिणगीचा हुकूम देणाऱ्या तारेवर. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, त्यामुळे पुढची प्रत्येक चढण कोणाची ते आपोआप कळतं. चारही चढणी सारख्या आल्या: सुमारे ३ मिलिसेकंद ड्वेल (कॉईल भरण्याचा वेळ), ७ अँपिअरपर्यंत संथ चढ. कॉईलचे वेढे आत शॉर्ट असतील तर करंट सुरुवातीलाच सरळ वर उडी मारतो. तसं काही नव्हतं.

मग कॉईलवर ठेवायचा सेकंडरी प्रोब, जो ठिणगीचं व्होल्टेज दाखवतो. या प्रोबवर दिसणारे किलोव्होल्ट आकडा म्हणून धरू नयेत, फक्त एका सिलिंडरची दुसऱ्याशी तुलना करावी. ठिणगी किती वेळ जळते तो काळ मात्र भरवशाचा असतो. १, ३ आणि ४ ला तो १.४ मिलिसेकंदांच्या आसपास होता. दोन नंबरला जवळजवळ २, आणि फायरिंग लाईनही, म्हणजे ठिणगी उडायला लागणाऱ्या व्होल्टेजची उभी रेषा, इतरांपेक्षा बुटकी. इथे थांबून विचार करावा लागतो. मिश्रण लीन (इंधन कमी, हवा जास्त) असतं तर ठिणगी लवकर विझली असती आणि जळण्याची रेषा वर चढत गेली असती. प्लगमध्ये किंवा जोडणीत रेझिस्टन्स वाढला असता तर फायरिंग लाईन उंच झाली असती. इथे नेमकं उलट होतं. प्लगच्या गॅपमधला दाब कमी असला की ठिणगी कमी व्होल्टेजला उडते आणि कॉईलमधली उरलेली ऊर्जा जास्त वेळ जळत राहते. काजळी धरलेला प्लगही फायरिंग लाईन बुटकी करतो, म्हणून दोन आणि तीनचे प्लग व कॉईल अदलाबदल करून पाहिले. खूण दोन नंबरवरच राहिली. म्हणजे शोध इग्निशनचा नव्हता, दाबाचा होता.

दाब पाहायला आधी काहीच उघडायची गरज नसते. पेट्रोल मोड, चारही पेट्रोल इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले, बॅटरीच्या केबलवर ६०० अँपिअरचा क्लॅम्प, आणि पाच सेकंद स्टार्टर. पहिला मोठा झटका सोडून द्यायचा. त्यानंतर प्रत्येक कॉम्प्रेशनला स्टार्टर जड होतो आणि करंटला एक उंचवटा येतो. एक नंबरच्या ट्रिगरपासून मोजल्यावर चौथा, म्हणजे दोन नंबरचा, उंचवटा स्पष्ट खुजा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावर, चारही उंचवटे एका पातळीत आले.

पुन्हा गरम केल्यावर दोन नंबरच्या, आणि तुलनेला तीन नंबरच्या, प्लगच्या जागी प्रेशर ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा सेन्सर) बसवला. सुटी कॉईल स्पार्क टेस्टरला जोडावीच, नाहीतर ठिणगीला वाट न मिळून ती आतून फुटते. त्या सिलिंडरचा इंजेक्टरही बंद ठेवावा, नाहीतर न जळलेलं पेट्रोल थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. आयडलला तीन नंबरचं शिखर ५ बारच्या जवळ, दोन नंबरचं ३ च्या जरा वर. दोन नंबरचं शिखर टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या क्षणाच्या) आधीच ढळत होतं, म्हणजे पिस्टन वर येत असतानाच हवा निसटत होती. शिखर ते शिखर ७२० अंश धरून पाहिलं, तर तीन नंबरचा एग्झॉस्ट वाल्व्ह टीडीसीनंतर १४० अंशांच्या सुमारास उघडत होता, दोन नंबरचा १२५ ला. शिखरालाच टीडीसी मानल्याने काही अंशांची चूक राहते, म्हणून दोन-चार अंशांच्या फरकाला मी किंमत देत नाही. पण गळक्या सिलिंडरचं शिखर लवकर येतं, त्यामुळे खरं उघडणं १२५ च्याही आधीचं असणार. लवकर उघडणारा वाल्व्ह म्हणजे टॅपेट टाईट, कॅम आणि वाल्व्हमधला गॅप हवा त्यापेक्षा कमी. गरम असतानाच लीक-डाऊन (सिलिंडरमध्ये दाबाने हवा सोडून गळती पाहण्याची चाचणी) लावल्यावर हवा सायलेन्सरमधून ऐकू आली.

इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं आणि टॅपेट कव्हर काढलं. या इंजिनाला एग्झॉस्टचा गॅप थंड असताना ०.३० मिलिमीटर हवा. दोन नंबरच्या एका एग्झॉस्ट वाल्व्हला ०.०५ चं फीलर गेज जेमतेम गेलं. बाकीच्यांचेही गॅप ०.१५ ते ०.२० वर आलेले.

गॅसवर हे का होतं? सीएनजी कोरडं इंधन आहे. पेट्रोल वाफ होताना जे थोडं गार करतं आणि सीटला जो थोडा ओलावा देतं, ते इथे मिळत नाही. सीट झिजते, वाल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, त्याची दांडी कॅमच्या जवळ येते आणि गॅप संपत जातो. इंजिन गरम झालं की दांडी लांबते आणि वाल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. आयडलला गळायला वेळ मिळतो, म्हणून मिसिंग तिथे. आरपीएम वाढले की तो वेळ उरत नाही. सैल टॅपेट वाजतो, त्यामुळे गिऱ्हाईक स्वतःच गाडी घेऊन येतं. टाईट टॅपेट अजिबात वाजत नाही, उलट इंजिन जास्त शांत वाटतं. गॅसच्या गाडीला टॅपेटचा आवाज नाही म्हणून सेटिंग टाळणं मला धोक्याचं वाटतं, कारण न बसणारा वाल्व्ह आपली उष्णता सीटला देऊ शकत नाही आणि शेवटी कडेने जळतो.

या इंजिनात गॅप लावायला स्क्रू नाही, मापाचे बकेट (कॅम आणि वाल्व्हच्या दांडीमधली वाटी) बदलावे लागतात. हिशोब साधा: जुन्या बकेटची जाडी, अधिक मोजलेला गॅप, वजा हवा असलेला गॅप. ३.२० अधिक ०.०५ वजा ०.३०, म्हणजे २.९५. बकेट मायक्रोमीटरने मोजावा, वर छापलेल्या आकड्यावर जाऊ नये. आठही एग्झॉस्ट बसवून कॅम दोनदा हाताने फिरवला आणि गॅप पुन्हा मोजले.

गरम इंजिनावर लीक-डाऊन इतर सिलिंडरांइतकं आलं, त्यामुळे हेड उतरवावं लागलं नाही. ते तसं आलं नसतं तर वाल्व्ह जळलेला धरून सीट कटिंगच करावं लागलं असतं. स्टार्टरचे चारही उंचवटे गरम असतानाही सारखे, आणि दोन नंबरची ठिणगी १.४ वर. सीट झिजणं यामुळे थांबत नाही, म्हणून चारही सिलिंडरांचे गॅप जॉब कार्डवर लिहून दिले आणि पुढच्या १०,००० किलोमीटरला पुन्हा मोजायला सांगितलं. दोन मापांमधल्या फरकावरून हेड किती दिवस टिकेल ते काढता येईल.