बायरन बे: लाटांच्या वेळापत्रकावर तीन दिवस

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बायरन बे या सर्फिंगच्या गावाबद्दल कुणी विचारलं की मी आधी घड्याळाचं सांगते. ब्रिस्बेन शहर क्वीन्सलँड राज्यात आहे, बायरन शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यू साउथ वेल्सची घड्याळं एक तास पुढे असतात. क्वीन्सलँड घड्याळाला हात लावत नाही. आम्ही ऑक्टोबरच्या मध्यावर लेकीच्या घरून, ब्रिस्बेनहून, साडेसातला निघालो. रस्ता दोन तासांचा, सर्फिंगचा वर्ग दहाला, म्हणजे चहाला वेळ मिळेल असा हिशेब होता. पोचलो तेव्हा तिथे साडेदहा वाजले होते आणि आमचा गट पाण्यात उतरलेला होता. शिकवणाऱ्या मुलीने दुसऱ्या दिवशीच्या गटात सामावून घेतलं, म्हणून निभावलं. गोल्ड कोस्ट विमानतळावरून येणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. येताना तास जातो, जाताना परत मिळतो.

वर्ग हुकल्यामुळे तो दिवस नुसता किनाऱ्यावर बसून गेला, आणि आता वाटतं तेच बरं झालं. गावात शिरतानाच पाटी लागते: खुश व्हा, वेग कमी करा, निवांत राहा. इमारती बुटक्या, अनवाणी माणसं, हातात सर्फबोर्ड. 1770 मध्ये कॅप्टन कुकने इथल्या भूशिराला जॉन बायरन या नौदल अधिकाऱ्याचं नाव दिलं. कवी बायरनचा हा आजोबा. पण बुंदजालुंग लोकांपैकी अराक्वल इथले मूळचे, आणि त्यांचं या जागेचं नाव कॅव्हनबा, म्हणजे भेटीची जागा. मला हे नाव जास्त पटतं.

इथल्या समुद्राची रचना समजून घेतली की कुठे उतरायचं ते कळतं. भूशिराच्या दक्षिणेला टॅलो बीच आहे. दक्षिणेकडून येणारी लाट तिथे थेट आदळते. चालायला सुंदर, पण नवख्यांनी पाण्यात जाऊ नये. तीच लाट भूशिराला वळसा घालून उत्तरेच्या बाजूला येते तेव्हा तिचा जोर ओसरलेला असतो आणि ती किनाऱ्याशी तिरपी, लांबच लांब उलगडत जाते. ‘द पास’ या सर्फिंगच्या जागेची लाट ती हीच. पुढे क्लार्क्स आणि मेन बीच. शिकणाऱ्यांसाठी ही बाजू.

दुसऱ्या दिवशी आमची पाळी आली. मऊ फोमची फळी, पूर्ण बाह्यांचा वेटसूट, पायाला बांधलेली दोरी. वाळूवर पालथं पडून उठण्याचा सराव, मग कमरेएवढ्या पाण्यात. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी दोनदा उभी राहिले. दुसऱ्या वेळी लाटेने मला थेट वाळूपर्यंत आणून सोडलं, आणि त्या सात-आठ सेकंदांत कानात फक्त पाणी होतं. पोहता येत असेल तर वय बघू नका, वर्ग लावा. एक नियम मात्र पाळाच: लाटेवर आधीच कुणी स्वार असेल तर तिच्यात घुसायचं नाही.

आता कळकळीचं. आपण कोकणात, गोव्यात गुडघाभर पाण्यात खेळलेली माणसं. ऑस्ट्रेलियातल्या समुद्राची ओढ वेगळी असते. जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं. झेंडे नसतील तर पाण्यात जायचं नाही. फुटणाऱ्या लाटांच्या मधे एखादा शांत, गडद पट्टा दिसतो आणि नवख्याला तीच सुरक्षित जागा वाटते. बहुतेक वेळा तीच ‘रिप’, आत खेचणारी धार. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, दम संपतो. तरंगत राहा, हात वर करा. जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडा. पावसाळ्यात जुहूला येतात तशा निळ्या ब्लूबॉटल (जेलीफिशसारखे डंख करणारे जीव) इथेही वाहून येतात. डंख झाला तर समुद्राच्या पाण्याने धुवा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्याचा शेक द्या.

तिसऱ्या दिवशी पहाटे दीपगृहाची वाट धरली. पूर्ण फेरी 3.7 किलोमीटरची, चढ आहे, पायऱ्या आहेत. कडेला केवड्याच्या कुळातली झाडं दिसली आणि एकदम घरचं वाटलं. 1901 चं पांढरंशुभ्र दीपगृह, आणि जरा खाली ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीचं सगळ्यात पूर्वेचं टोक. सहाच्या सुमारास सूर्य वर आला. थोड्या वेळाने लेकीने दंड दाबला: खाली हंपबॅक देवमाशाची मादी आणि तिला चिकटून पिल्लू, दक्षिणेकडे निघालेली. जून ते नोव्हेंबर हा त्यांचा काळ. पिल्लांसकट परतणाऱ्या माद्या शेवटच्या महिन्यांत दिसतात. याच गावात 1954 ते 1962 देवमासे मारण्याचं केंद्र होतं. त्या सकाळी आमच्या शेजारी पंचवीसेक माणसं दम धरून उभी होती.

बाकीचं थोडक्यात. शनिवार-रविवार आणि ईस्टर टाळा, गर्दी आणि भाडी दोन्ही चढतात. किमान दोन रात्री राहा. कॅम्परव्हॅन घेतलीत तर रस्त्यावर रात्र काढू नका, दंड होतो. बऱ्याच ठिकाणी पार्किंगला पैसे पडतात. मुक्काम गावात असला तर गाडी लागतच नाही. शाकाहारी माणसाची चंगळ आहे, पण बरेच कॅफे दुपारी लवकर आवरतात, तेव्हा जेवण उशिरावर टाकू नका. टोपी आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीही हवंच.

निघायच्या सकाळी ‘द पास’च्या फिशरमन्स लुकआउटवर बसलो. लाटा चार-पाचच्या गटाने येतात, मग समुद्र थोडा थांबतो. फळीवरची माणसं त्या थांबण्यात नुसती क्षितिजाकडे बघत बसतात. लेक आणि मी आकडे मोजत होतो. पुढचा गट आला तेव्हा आम्ही दोनशे दहावर होतो.