दहा, चाळीस, साठ, चाळीस, दहा

शनिवारी खिडकीजवळच्या गटाला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं आणि दाराजवळच्या गटाचं पान फलकावर लावलं. दोन्ही निर्णय माझेच, आणि दोन्ही उलटे.

वर्ग सातवीचा, ३२ मुलं, चौघांचे ८ गट. राज्य मंडळाच्या पुस्तकात संभाव्यता थेट दहावीत येते. सातवीला सरासरी आणि वारंवारता सारणी एवढंच. पण अष्टा-चल्लस हा पटावरचा खेळ खेळणाऱ्या पोरांना दहावीपर्यंत थांबवून ठेवायचं कशाला? चार कवड्या किंवा चार अर्धे चिंचोके टाकायचे, जितक्या पांढऱ्या बाजू वर तितकी घरं. चारही पांढरे आले तर ४, एकही नाही आला तर थेट ८, आणि या दोन्ही दानांवर पुन्हा डाव. गावोगाव नियम थोडे बदलतात, आमच्याकडचे हे.

वर्गातला प्रयोग असा: प्रत्येक गटाने चार अर्धे चिंचोके १६० वेळा टाकायचे आणि दर वेळी किती पांढऱ्या बाजू वर आल्या ते लिहायचं. तो कुणाला करायचा असेल तर आधी चिंचोक्यांबद्दल. भाजू नका, तपकिरी साल सुटते आणि मग दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. भिजवूही नका. कोरडा चिंचोका दगडावर कडेवर उभा धरून छोट्या हातोडीने एकच ठोका द्यायचा. बरेच वाया जातात, म्हणून लागतात त्याच्या दुप्पट आणायचे. हाताने टाकू द्यायचे नाहीत. मुलं तळहातावर पांढरी बाजू वर लावून अलगद सोडतात आणि चिंचोका उलटतच नाही. फुलपात्रात घालून तीनदा हलवायचं आणि वीतभर उंचीवरून बुटाच्या खोक्याच्या झाकणात ओतायचं. झाकण नसेल तर अर्धा तास बाकांखाली शोधाशोध करण्यात जातो. एखादा चिंचोका कडेला टेकून तिरका राहिला तर चारही पुन्हा टाकायचे, फक्त तोच नाही. हा नियम सुरुवातीलाच सांगावा लागतो, नाहीतर नको ते दान पडलं की प्रत्येक चिंचोका ‘तिरका’ होतो.

चौघांची कामं चार: एक टाकतो, एक मोठ्याने सांगतो, एक लिहितो, एक नजर ठेवतो. दर ४० दानांनी कामं बदलायची. मी ताळ्याच्या खुणा लगेच करू देत नाही. चौकटीच्या वहीच्या पानावर १६ चौकटींच्या १० ओळी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीत किती पांढरे आले तो आकडा पडेल त्या क्रमाने लिहायचा. शून्य आलं तर ०, घरं जरी ८ असली तरी. ताळ्याच्या खुणा नंतर, या पानावरून. क्रम हातचा गेला की परत मिळत नाही. ही सवय मला एरवी उगाच लावलेली वाटायची. या वेळी वाचवलं तिनेच.

सुरुवातीला अंदाज विचारला. पाच प्रकारची दानं, १६० वेळा टाकायचं, म्हणजे प्रत्येक प्रकार ३२ वेळा, असं जवळजवळ सगळ्या वर्गाचं म्हणणं. दरवर्षी हेच उत्तर येतं. मग फळ्यावर प म्हणजे पांढरी, त म्हणजे तपकिरी असं धरून चार चिंचोक्यांच्या सगळ्या १६ जुळण्या लिहिल्या. पपपप एकच. तीन प आणि एक त अशा ४. दोन-दोन अशा ६. एक प अशा ४. तततत एकच. १, ४, ६, ४, १. दोन पांढऱ्यांना सहा वाटा आहेत आणि चार पांढऱ्यांना एकच, हे पोरांना चटकन पटलं, कारण खेळताना ‘दोन’ किती कंटाळा येईपर्यंत पडतं ते त्यांना ठाऊक आहे. १६० दानं मी मुद्दाम ठेवते, कारण दहापट करून आकडे स्वच्छ येतात: १०, ४०, ६०, ४०, १०.

आणि ते मी फळ्यावर ठळक चौकटीत लिहिले. प्रयोगाच्या आधी. आणि पुसले नाहीत. फळ्यावर उत्तर लिहून ठेवून वर प्रयोग करायला सांगायचा, ही आमच्या सगळ्या व्यवसायाचीच खोड आहे; विज्ञानाच्या प्रयोगवह्या बघा.

दोन तास जोडून घेतले होते. पहिली ४० दानं सावकाश होतात, नंतर हात बसतो. तरी शेवटी घाई झालीच. सात गटांचे आकडे थोडे इकडे, थोडे तिकडे. दाराजवळचा गट आला: १०, ४०, ६०, ४०, १०. तंतोतंत. मी टाळ्या वाजवायला लावल्या. शेजारच्या वर्गातले सर डोकावले, म्हणाले, “बाई, काय सुंदर आलंय, फलकावर लावा, केंद्रप्रमुख येणारेत.” लावलं.

खिडकीजवळच्या गटाचं मात्र असं होतं: शून्य ४ वेळा, एक २५, दोन ५३, तीन ५७, चार २१. चार पांढरे २१ वेळा म्हणजे दुपटीहून जास्त. दहाच्या जागी सात आले, तेरा आले तर मी मान हलवते, तेवढं चालतंच. चिंचोके सरळ असतील, म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच पडणारे, तर २१ वेळा येणं हे हजारात एखादवेळ. तेव्हा मी मनातल्या मनात ‘तळहातावरून सोडले असणार’ असं ठरवूनच टाकलं होतं. “बाई, मोजलंय बरोबर,” त्यातली एक मुलगी दोनदा म्हणाली. मी म्हटलं, मग पुन्हा टाका, माझ्यासमोर. शाळा सुटून गेली होती. फुलपात्र मी बघत होते, झाकण मी धरलं होतं. आलं: ३, २७, ५५, ५४, २१.

पुन्हा तेच. नशीब एका दिवशी दोनदा त्याच बाजूला, तितकंच कलत नाही. मी त्यांना घरी पाठवलं आणि सगळी पानं पिशवीत टाकली. फलकावरचंही काढून घेतलं.

रविवारी आधी दाराजवळच्या गटाचं पान घेतलं. पहिला हिशेब सोपा होता. चिंचोके अगदी सरळ आहेत असं धरलं तरी १६० दानांत नेमके १०, ४०, ६०, ४०, १० येण्याची शक्यता दहा हजारांत साधारण एक. गंमत अशी की दुसरी कुठलीही पाच आकड्यांची जुळणी यापेक्षा कमीच शक्य आहे; सगळ्यात जास्त शक्यता हिचीच, आणि तरी ती दहा हजारांत एकदा. हे वाक्य मुलांना कसं सांगावं ते मला अजून सापडलेलं नाही. आणि एवढ्यावरून कुणाला खोटं ठरवता येत नाही. कुठल्याही एका नेमक्या निकालाची शक्यता अशीच बारीक असते.

म्हणून क्रम पाहिला. लागोपाठ दोन चौकटींत तोच आकडा किती वेळा येतो? १६ जुळण्यांवरून काढता येतं: १, ४, ६, ४, १ यांच्या वर्गांची बेरीज ७०, भागिले २५६. म्हणजे शंभरात सत्तावीस वेळा. १६० चौकटींत शेजारच्या जोड्या १५९, तर ४३-४४ ठिकाणी शेजारी तोच आकडा दिसायला हवा. खिडकीजवळच्या गटाच्या पहिल्या पानावर मी पेन्सिलने कंस घालत गेले. ४६. दाराजवळच्या पानावर १५.

आणि ते १५ सुद्धा कुठे? १२ पहिल्या तीन ओळींत. चौथ्या ओळीपासून शेवटपर्यंत, ११२ चौकटींत, फक्त ३. तिथे ३० च्या आसपास हवे होते. ‘दोन-दोन-दोन’ असं तिसऱ्या ओळीपर्यंत तीनदा आलेलं, पुढे एकदाही नाही. टाकणं कुठे थांबलं आणि लिहिणं कुठे सुरू झालं ते पानावर बोट ठेवून दाखवता येत होतं: तिसऱ्या ओळीचं शेवटचं घर.

मग दोन्ही भागांची ताळी वेगळी केली, आणि खरं सांगायचं तर हे सगळं लिहायला बसले ते या आकड्यांमुळे. पहिल्या ४८ दानांत शून्य १, एक ९, दोन १७, तीन १५, चार ६. म्हणजे यांचेही चिंचोके पांढरीकडे थोडे झुकलेले, किंवा निव्वळ योगायोग. ४८ वरून सांगता येत नाही. पुढच्या ११२ ‘दानांत’ शून्य ९, एक ३१, दोन ४३, तीन २५, चार ४. चार पांढरे आधी ज्यादा झाले होते, म्हणून पुढे कापले. शून्य कमी पडलं होतं, म्हणून भरून दिलं. पोरांनी उधारी फेडावी तशी फेडली होती. त्यांना आकडे जुळवायचे होते हे खरं, पण ‘आता किती वेळ शून्य आलं नाही, आता येणारच’ असं तीच मुलं पटावरही म्हणतात, आणि लॉटरीचं तिकीट घेणारी मोठी माणसंही. चिंचोक्याला मागचं दान आठवत नाही. ज्यादा आलेली चार पांढरी पुढे कधी वजा होत नाहीत. दानं वाढत जातात तशी ती त्या गर्दीत फिकी पडतात, इतकंच.

सोमवारी आमच्या विज्ञानाच्या बाईंना पान दाखवलं. त्यांनी लगेच आनुवंशिकतेचे नियम मांडणारा मेंडेल काढला. त्याच्या वाटाण्यांचे आकडे अपेक्षेशी जरा जास्तच जुळतात, हे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली मांडलं आणि त्यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. “तिथे तरी दोष बागेतल्या माळ्यावर ढकलता आला,” बाई म्हणाल्या. इथे माळी मीच.

वर्गात कुणाचं नाव न घेता प्रत्येकाला ४० चौकटी आखायला लावल्या. चिंचोके न टाकता, मनाने भरा, खरे वाटतील असे. मग दुसऱ्या कागदावर आणखी ४० चौकटी, खऱ्या टाकून. कागदांच्या मागे खूण करायची, खरा कोणता ते मला सांगायचं नाही. ४० चौकटींत शेजारी तोच आकडा १०-११ ठिकाणी अपेक्षित. पाचच्या खाली असलेला कागद मी ‘मनाचा’ म्हणून बाजूला काढत गेले आणि पुष्कळ बरोबर आले. मुलं चकित. एका मुलाने मनानेच ‘तीन-तीन-तीन-तीन’ लिहिलं होतं, त्याच्यापुढे मी हरले; तो घरी आजीबरोबर रोज पट मांडतो. दाराजवळच्या गटातला एक जण मधल्या सुट्टीत आला. “तीन ओळी खऱ्या होत्या, बाई. मग घंटा होईल असं वाटलं.” मी काही विचारलं नव्हतं.

खिडकीजवळच्या गटाचे चिंचोके राहिले होते. तपकिरी बाजूवर पेनाने १ ते ४ ठिपके दिले आणि एकेक चिंचोका सुटा ५० वेळा टाकला. पांढरी वर: ४१, २८, २६, २५. एकच लबाड. हातात घेतल्यावर दिसलं की फुटताना चीर मधून न जाता तिरकी गेली होती. तपकिरी पोट जाड आणि फुगीर, पांढऱ्या बाजूला बारीक काठ. पडला की पोटावर बसतो. चारही चिंचोक्यांची सरासरी काढली असती तर प्रत्येकी ६० टक्के आलं असतं, आणि चारही थोडे थोडे बिघडलेले असंच मी धरून चालले असते. शनिवारी आठही गटांचे आकडे एकत्र करायचा माझा बेत होता. केले असते तर हा चिंचोका १२८० दानांत बुडून गेला असता.

तेव्हापासून तो सगळ्यांना हवा आहे. ४ पडलं की पुन्हा डाव, म्हणून. “हा घेऊन खेळलं तर चीटिंग का?” दोन्ही बाजूंनी तेच चार चिंचोके वापरले तर कसली चीटिंग, पण तो ८ खातो हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. हिशेब त्याच मुलीने केला, जिला मी शनिवारी थांबवलं होतं. दोन्ही पानं मिळून ३२० दानं, घरं एकूण ८२५, दर दानाला २.५८. सरळ चिंचोक्यांना २.५. “म्हणजे काहीच नाही मिळत,” ती म्हणाली. पुन्हा डाव मात्र ३२० पैकी ४९ वेळा, जिथे ४० यायला हवे होते, हे तिने थोड्या वेळाने, पट मांडणाऱ्या त्या मुलाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलं.

चिंचोका माझ्या खडूच्या डबीत आहे. दाराजवळच्या गटाचं पान परत फलकावर लावलंय, तिसऱ्या ओळीखाली लाल रेघ ओढून. आकारिक मूल्यमापनाच्या तक्त्यात त्या चौघांपुढे प्रयोगाचा रकाना अजून रिकामा आहे. पहिल्या ४८ दानांचे गुण द्यावेत असं एकदा वाटतं, आणि फळ्यावर ती चौकट कुणी लिहून ठेवली होती तेही आठवतं. तक्ता शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे.