तुम्ही विचारलेत म्हणून: पगार वाढला, मग गाडी लहान का झाली?

कार्यालयाच्या वाहनतळावर, सोसायटीच्या सभेनंतरच्या चहात आणि गेल्या गणपतीत तर आरती आटोपून प्रसाद हातावर पडण्याच्या आधीच मला हा प्रश्न विचारून झाला आहे: "आधी बाराशे सीसीची गाडी होती, आता बढती मिळाली आणि तुम्ही हजाराच्या आतली सीएनजी घेतलीत, हे कसे काय?" विचारणाऱ्याच्या स्वरात कुतूहल कमी आणि निदान जास्त असते, आणि ते निदान चिकटपणाचे असते. आजवर मी "पार्किंगला बरी पडते" असे सांगून वेळ मारून नेली. ते खोटे नाही, पण उत्तरही नाही. लोकलने का जात नाही, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. माझा गुडघा आणि दादरचा जिना यांचे भांडण इथे पुन्हा उकरत नाही.

आधी इंधनाचा हिशेब सांगते, कारण तो पटायला सोपा आहे. मुलुंडचे घर ते अंधेरीच्या सीप्झमधले कार्यालय जाऊन-येऊन बत्तीस किलोमीटर, महिन्यातले चोवीस दिवस. जेव्हीएलआरवर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर, मेट्रो सहाचे काम सुरू झाल्यापासून यातला बराचसा प्रवास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच होतो, त्यामुळे जाहिरातीतल्या मायलेजचा मला उपयोग नाही. माझी गाडी किलोला चोवीस देते. सीएनजीचा दर किलोला ८० रुपयांच्या आसपास धरला, तर महिन्याचे २,६०० रुपये होतात. जुनी पेट्रोल गाडी याच रस्त्यावर लिटरला जेमतेम चौदा देत असे, म्हणजे लिटरला १०३ रुपये धरले तर साडेपाच हजारांच्या वर. बदल्यात डिकी सिलिंडरने खाल्ली, दर तीन वर्षांनी त्याची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची चाचणी, करावी लागते, आणि पंपावर रिक्षांच्या रांगेत अर्धा-अर्धा तास काढून पुढे पोहोचावे तर प्रेशर उतरलेले असते. ही कुरकुर मी घरी करते, तुमच्यासमोर करत नाही.

पण केवळ इंधनासाठी मी ही गाडी घेतली, असे कोणी समजू नये.

फेब्रुवारी २०२१ मध्ये जुन्या गाडीच्या विम्याचे नूतनीकरण आले. वर्षभर घरूनच काम चालले होते, गाडी गुलमोहराखाली धूळ खात उभी होती, आणि बॅटरी उतरू नये म्हणून मी रविवारी खाली जाऊन इंजिन सुरू करून येत असे. जी गाडी हलतच नाही तिला काय होणार, असा माझा बिनतोड युक्तिवाद होता. विमा ऑनलाइन भरताना आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ठरावीक मर्यादेत कमी-जास्त करता येते. माझ्या गाडीची ती चार लाख येत होती. मी ती खाली ओढत ३,४०,००० वर आणली आणि अकराशे रुपये वाचवले. वाचवले एवढेच नव्हे, तर ते कसे वाचवायचे हे दोन शेजाऱ्यांना शिकवलेसुद्धा.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले. कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला, विमानतळ बंद झाला आणि शहरभर झाडे कोसळली. आमचा गुलमोहर दुपारी पडला. खिडकीतून मला आधी फक्त लाल फुले दिसली, कारण तो ऐन बहरात होता. त्या फुलांखाली पांढरे काहीतरी चेपलेले आहे हे कळायला क्षणभर लागला. त्या झाडाच्या फांद्या छाटण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करायचा, हा विषय सोसायटीच्या सभेत दोनदा येऊन दोनदा पुढे ढकलला गेला होता, आणि दुसऱ्या वेळी पुढे ढकलण्यासाठी वर झालेल्या हातांत माझाही हात होता.

छत, समोरची काच, दोन्ही पुढचे खांब, एक दार. गॅरेजने दुरुस्तीचा अंदाज २,७०,००० दिला. विमा कंपनीचा सर्व्हेअर सभ्य माणूस होता; त्याने गाडीच्या टपावर कागद पसरण्याचाही प्रयत्न केला, पण टप उरला नव्हता. त्याने मला जे सांगितले ते मी त्याआधी कधी वाचले नव्हते: दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी दुरुस्त करत नाहीत, ती 'टोटल लॉस', म्हणजे पूर्ण गेलेली, धरतात. चार लाखांचे ७५ टक्के म्हणजे तीन लाख, त्यात माझी गाडी बसली असती. ३,४०,००० चे ७५ टक्के म्हणजे २,५५,०००, त्यात ती पंधरा हजारांनी बसली नाही. गाडी भंगारात गेली. १,००० रुपये सक्तीची वजावट होऊन ३,३९,००० मंजूर झाले, त्यातून बँकेने कर्जाचे उरलेले ३,२२,००० वळते करून घेतले आणि माझ्या हातात सतरा हजार रुपये आले. तीन वर्षे दावा न केल्यामुळे साठलेला नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली ३५ टक्क्यांची सवलत, तोही शून्यावर गेला. यात विमा कंपनीची काही चूक नव्हती, आणि तेच मला जास्त लागले. रागावायला कोणी नव्हते.

२०२२ च्या अखेरीस नवी गाडी घेताना मी म्हणूनच उलटी सुरुवात केली. आधी विम्यात मला काय काय हवे ते लिहून काढले: आयडीव्ही पूर्ण, झीरो डेप (भागांची झीज न कापता मिळणारी भरपाई), कारण साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात आणि मुंबईत रोज घासला जाणारा बंपर प्लास्टिकचाच असतो, आणि पाणी शिरून इंजिन गेले तर त्याचे संरक्षण. मग हे सगळे दर वर्षी हात न आखडता भरता येईल अशी गाडी शोधली. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्यासाठीच्या सक्तीच्या विम्याचा, दर तर सरकारच इंजिनाच्या आकारावर ठरवते: जून २०२२ पासून १,००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. इंजिन ९९८ चे की १,००१ चे, हे चालवणाऱ्याला कळणार नाही. विमा कंपनीला कळते. विमा पुरा घेता यावा म्हणून मी गाडी लहान घेतली, स्वस्तात सुटावे म्हणून नव्हे. आता सगळे धरून अकरा हजारांच्या आत भागते, आणि बोनस यंदा पुन्हा ३५ टक्क्यांवर आला आहे.

इथे २०२१ मधली मी मध्येच बोलते. ती म्हणते, झाड पडले नसते तर मला कोणी मूर्ख म्हटले असते का? आणि आयडीव्ही पूर्ण ठेवली असती, तर छत कापून जोडलेली गाडी तू आनंदाने चालवली असतीस का? पहिल्याला माझ्याकडे उत्तर नाही. दुसऱ्याला मी 'हो' म्हणते, पण चटकन नाही.

आणखी एक कबूल करते. आमचे हे म्हणतात की गाडीचा पत्रा हलका आहे, आणि मी त्यांच्याशी वाद घालते. पण चिपळूणला जायचे ठरले की कोकण रेल्वेची तिकिटे मीच काढते. म्हणजे ही निवड जेव्हीएलआरपुरती योग्य आहे, आणि जेव्हीएलआरवर कोणी वेगात येऊन धडकण्याची सोयच नाही, एवढाच माझा दावा. शिवाय बढती मिळालेल्या बाईने कशी गाडी चालवावी याचा एक आकडा माझ्याही मनात कुठेतरी आहे आणि माझी गाडी त्यात बसत नाही. तुम्ही विचारता तेव्हा चिडते ती बहुधा त्यामुळेच.

नोव्हेंबरात नूतनीकरण झाले. आयडीव्हीची ती सरकपट्टी मी उजवीकडे पार टोकाला नेली आणि पैसे भरले. भरण्याआधी मात्र ती एकदा डावीकडे नेऊन किती वाचले असते ते पाहिले. नऊशे चाळीस.