गुण येईपर्यंत

मी २३ वर्षं कॉलेजात ग्रीक नीतिशास्त्र शिकवलं. त्यामुळे लग्नकार्यात, प्रवासात, पालकसभेत मला एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, हे ॲरिस्टॉटल वगैरे वाचून माणूस चांगला होतो का हो?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा कुणीतरी असतं. घर पुस्तकांनी भरलेलं पण घरात कुणाशी धड न बोलणारा एखादा काका, नाहीतर साहेब. इतकी वर्षं मी "तसं थेट नाही सांगता येणार" म्हणून वेळ मारून नेली. ते बरोबर नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

वाचून होत नाही. आणि हे खुद्द ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलंय. 'निकोमॅकियन एथिक्स' हा त्याचा दहा भागांचा ग्रंथ. त्याच्या दुसऱ्या भागात तो म्हणतो की पुष्कळ लोक चांगुलपणावर चर्चा करतात आणि तेवढ्यानेच आपण चांगले होऊ असं धरून चालतात. त्यांची गत त्या रोग्यासारखी, जो वैद्याचं बोलणं मन लावून ऐकतो आणि सांगितलेलं काहीच करत नाही. अशा उपचाराने त्याचं शरीर सुधारणार नाही, आणि अशा तत्त्वज्ञानाने यांचं मनही.

हा उतारा मी दरवर्षी वर्गात वाचून दाखवायचे. तो मला कळला मात्र चार वर्षांपूर्वी, अण्णांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा.

अण्णा म्हणजे माझे वडील. तेव्हा ७९ वर्षांचे होते. बोलणं महिनाभरात बरंचसं परत आलं, उजवा हात मात्र लोंबकळत राहिला. आठवड्यातून तीनदा एक फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी यायची. एका वाटीतले राजम्याचे दाणे एकेक करून दुसऱ्या वाटीत टाकायचे. कपडे वाळत घालायचा चिमटा दाबायचा, सोडायचा. जुन्या शर्टाची बटणं लावायची, काढायची. दिवसातून चार वेळा. अण्णा सगळं लक्ष देऊन ऐकायचे, शंका विचारायचे, डाव्या हाताने वाकड्यातिकड्या अक्षरात वहीत उतरवून घ्यायचे. ती गेली की वही उशाशी आणि वाट्या जिथल्या तिथे. हात आपोआप सुधारेल, अशी त्यांची ठाम समजूत होती.

एका संध्याकाळी मी कॉलेजातून दमून आले. राजमा तसाच, चिमटे तसेच. मी ओरडले, "तुम्हाला बरं व्हायचंच नाहीये!" अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी डाव्या हाताने वही मिटली आणि माझ्याकडे न बघता चादरीखाली सरकवली.

त्या रात्री झोप लागेना. ते वैद्याचं ऐकत होते आणि करत नव्हते. आणि मी? रागावर ॲरिस्टॉटल काय म्हणतो ते मला तोंडपाठ होतं.

तो म्हणतो, रागावणं कुणालाही जमतं, ते सोपं आहे. पण योग्य माणसावर, योग्य तेवढं, योग्य वेळी, योग्य कारणासाठी आणि योग्य रीतीने रागावणं सगळ्यांना जमत नाही, ते सोपंही नाही. हीच त्याची मध्याची कल्पना. परीक्षेत मुलं तिचं 'अति तिथे माती' करून टाकतात. तसं ते नाही. मध्य म्हणजे गणिती सरासरी नव्हे, हे समजावायला तो मिलो या प्रसिद्ध पैलवानाचं उदाहरण देतो. दहा मिना अन्न जास्त होतं आणि दोन मिना कमी पडतं (मिना हे ग्रीक वजन, अर्ध्या किलोला थोडं कमी), म्हणून वस्तादाने सगळ्यांना सहा मिना वाढायचे का? मिलोला ते पुरणार नाहीत आणि नव्या पोराला झेपणार नाहीत. ज्याचं माप त्याचं. आणि काही गोष्टींना मध्य नसतोच, हेही तो बजावतो. खून बेताने केला म्हणून चांगला होत नाही.

मग माप ओळखायचं कसं? आपला कल कुठे आहे ते बघा, म्हणतो, आणि स्वतःला उलट्या बाजूला ओढा, वाकलेलं लाकूड सरळ करणारे ओढतात तसं. माझा कल रागाकडे आहे, लहानपणापासून. दुसऱ्या दिवसापासून मी एवढंच ठरवलं की घरात शिरल्यावर आधी अण्णांच्या कॉटजवळ खाली बसायचं, आणि बसल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही. बसलेल्या माणसाला तेवढ्या जोरात ओरडता येत नाही.

आता एका शब्दाबद्दल सांगायलाच हवं, कारण तिथेच आपण ग्रीकांना चुकीचं वाचतो. त्यांचा शब्द 'अरेते'. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याचं भाषांतर 'सद्गुण' असं होतं, आणि लगेच डोळ्यांपुढे भिंतीवरचे सुविचार येतात. पण ग्रीकांच्या लेखी घोड्यालाही अरेते असते, डोळ्यालाही असते, वेली छाटायच्या कोयत्यालाही. ज्याच्यामुळे ती वस्तू आपलं काम उत्तम करते, ती तिची अरेते. मराठीत 'सद्'चं ओझं काढून नुसतं 'गुण' म्हणा, बघा कसं जवळ येतं. औषधाला गुण आला. अमक्या वैद्याचा हातगुण चांगला. आजही गावोगावी लोक डॉक्टरच्या हाताला गुण आहे म्हणतात, तेव्हा तो डॉक्टर सज्जन आहे एवढंच त्यांना म्हणायचं नसतं. त्याच्या हातून रोगी बरा होतो, असं म्हणायचं असतं. ॲरिस्टॉटल वैद्याचाच मुलगा. ख्रिस्तपूर्व ३८४ मध्ये स्टॅगिराला जन्मला, वडील निकोमॅकस मॅसेडोनियाच्या राजाचे वैद्य. त्याच्या नीतिशास्त्रात पानोपानी वैद्य आणि रोगी भेटतात, ते मला त्या घरातूनच आलेले वाटतात.

हा गुण जन्मतः मिळत नाही आणि निसर्गाविरुद्धही नसतो. दगड दहा हजार वेळा वर फेकला तरी त्याला वर जायची सवय लागत नाही. माणसाला लागते. घरं बांधून गवंडी होतो, वीणेसारखं लायर हे वाद्य वाजवून वादक होतो, आणि न्यायाने वागून न्यायी. वाईट वाजवतच राहिलं तर वादक वाईट होतो, हेही त्यातच आलं. ग्रीकमध्ये सवयीला 'एथॉस' म्हणतात आणि स्वभावाला 'ईथॉस'. फरक पहिल्या स्वराच्या लांबीचा. तीच सवय लांबली की स्वभाव होतो. वर्गात हे फळ्यावर लिहिलं की मुलं हसायची, आणि वही बंद करायच्या आधी उतरवून घ्यायची.

"पण मग सुखाचं काय?" हा दुसरा प्रश्न पाठोपाठ येतोच. ग्रीकांचा शब्द 'युडायमोनिया', आणि त्याला 'सुख' म्हणणं मला कधीच पटलं नाही. सुख दुपारी येतं आणि संध्याकाळी जातं. युडायमोनिया अख्ख्या आयुष्याची असते; एका कोकिळेने वसंत येत नाही असं आपण म्हणू, तो एका पाकोळीने येत नाही म्हणतो. मराठीत मला सापडलेला सगळ्यात जवळचा वाक्प्रचार म्हणजे 'आयुष्याचं सोनं झालं'. तो आपण आठवडाभर मजेत गेलेल्या माणसाबद्दल वापरत नाही.

सोन्यावरून हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने सांगितलेली गोष्ट आठवते. लिडियाचा (आजच्या तुर्कस्तानातलं जुनं राज्य) राजा क्रीसस सोन्यात लोळत होता. अथेन्सचा कायदे घालून देणारा शहाणा सोलोन त्याच्याकडे आला, तेव्हा राजाने त्याला खजिना दाखवला आणि विचारलं, जगात सगळ्यात धन्य माणूस कोण? सोलोन म्हणाला, टेलस. अथेन्सचा साधा नागरिक. मुलं चांगली निघाली, नातवंडं बघितली, आणि इल्युसिसजवळच्या लढाईत गावासाठी लढताना गेला. राजाने चिडून विचारलं, मग दुसरा? तर सोलोनने आर्गोसचे दोन भाऊ सांगितले, क्लिओबिस आणि बायटन. हेराच्या उत्सवाला आईला जायचं होतं आणि बैल शेतातून वेळेत आले नाहीत, तेव्हा पोरांनी जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि आईची गाडी ४५ स्टेड, म्हणजे सुमारे आठ किलोमीटर, देवळापर्यंत ओढत नेली. देवीच्या देवळात झोपले ते उठलेच नाहीत. ही भेट खरंच झाली का, याबद्दल प्राचीन काळीच शंका होती. पण मेल्याशिवाय कुणाला धन्य म्हणू नये या सोलोनच्या म्हणण्याशी ॲरिस्टॉटल मनापासून झगडतो. माणूस जिवंत असताना त्याचं चांगलं चाललंय हे म्हणायचंच नाही का? त्याचं उत्तर मला फार आवडतं: दैव पालटलं तरी चांगला माणूस हाती आलेल्या परिस्थितीतून शक्य तितकं उत्तम करतो, जसा चांगला चांभार मिळालेल्या चामड्यातूनच उत्तम जोडा करतो. दैवाचा मार त्याला लागत नाही असं मात्र तो म्हणत नाही. ट्रॉयच्या म्हाताऱ्या राजा प्रायमवर आलेल्या संकटांनंतर त्याला धन्य कोण म्हणेल, असं तोच विचारतो. अंगाला काही लावून न घेण्याचा उपदेश करणाऱ्यांपेक्षा मला हा माणूस म्हणूनच जवळचा वाटतो.

आणि त्याच माणसाने 'पॉलिटिक्स' या दुसऱ्या ग्रंथात लिहिलंय की काही माणसं स्वभावतःच गुलाम असतात, आणि स्त्रीकडे विचारशक्ती असली तरी तिला अधिकार नसतो. हे मी कधी गाळलं नाही. वर्गातल्या मुली पुस्तक मिटून माझ्याकडे बघायच्या, आणि त्यांचं बघणं रास्त होतं. स्वतःच्या मृत्युपत्रात त्याने सेवेतल्या गुलाम मुलांना विकू नये, वयात आल्यावर लायकीनुसार मोकळं करावं असं लिहिलं. तेवढ्याने त्या वाक्यांचं पाप फिटत नाही. सवयीच्या ताकदीबद्दल इतकं लिहिणाऱ्याला आपल्या शहराची ही सवय दिसली नाही. साधारण चारशे वर्षांनी एपिक्टेटस हा गुलामगिरीत वाढलेला, पायाने अधू तत्त्वज्ञ ग्रीसमधल्या निकोपोलिसला श्रीमंत घरच्या पोरांना कसं जगावं हे शिकवत होता. मुलींना मी त्याच तासाला त्याच्याबद्दल सांगायचे.

मैत्रीला ॲरिस्टॉटलने दहातले दोन भाग दिलेत, त्यातलं एक वाक्य सांगते. एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, अशी म्हण तो देतो. आपल्याकडे मीठ खाल्लं की माणूस बांधला जातो, त्यांच्याकडे ओळखला जातो. अण्णांना एकाच घरात, एकाच ताटलीतून भरवताना मी त्यांना पन्नाशीत पहिल्यांदा ओळखलं. ते आळशी नव्हते. दाणा बोटांतून सुटला की त्यांना लाज वाटायची, आणि माझ्यासमोर तर फारच. म्हणून मी त्यांच्या शेजारी बसून डाव्या हाताने राजमा उचलायला लागले. माझेही दाणे सांडायचे. मग त्यांचा हात चालायला लागला.

सहा महिने लागले. एका रविवारी सकाळी ते स्वतः शर्ट घालून व्हरांड्यात येऊन बसले. पाचही बटणं लावलेली, पण एक घर चुकून, त्यामुळे कॉलरची एक बाजू वर आणि खाली एक टोक लोंबतंय. माझा हात सवयीने पुढे झाला होता. मी खुर्ची ओढून शेजारी बसले आणि चहाचा कप त्यांच्या उजव्या हाताला ठेवला. दुपारी शेजारचे काका आले, संध्याकाळी दूधवाला आला. अण्णा दिवसभर तसेच बसले होते.