मुमताज सकाळी जाते, दुपारी न्हाते

दिवाळीच्या सुट्टीत भुसावळ, जळगाव, यावलकडून बऱ्हाणपूरला बसगाड्या निघतात, त्या दिवशी इतिहासाचा क्रम पार उलटा होतो. सकाळी साडेआठला पर्यटक तापीपल्याड आहुखान्यात, म्हणजे जुन्या मृगबागेत, उभे असतात, जिथे 1631 च्या जूनमध्ये मुमताजला पुरलं. दुपारी दोनला शाही किल्ल्याच्या हमामात गाइड सांगतो, ‘बेगमसाहिबा इथे स्नान करायच्या.’ मागून एखादे आबा विचारतातच, ‘आत्ता तर गेल्या होत्या ना?’

गाइडचा इलाज नसतो. आहुखाना उघड्यावर, सावली नावाला, म्हणून तो सकाळीच उरकायचा. हमाम छताखाली, तो उन्हाच्या वेळेला राखायचा. बऱ्हाणपुरात सालापेक्षा सूर्य महत्त्वाचा. मुमताज चौदाव्या बाळंतपणात गेली, सहा महिन्यांनी तिचं पार्थिव आग्र्याला हलवलं, एवढं सांगून पुढे निघावं. ‘ताजमहाल इथंच होणार होता, पण...’ ही गोष्ट लोक मागतातच. सांगायला हरकत नाही, फक्त आधी ‘असं म्हणतात’ जोडावं. पुष्कळ गाइड नेमकं तेवढंच गाळतात.

नकाशावर बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या खान्देशची राजधानी ती हीच. 1601 मध्ये अकबराने जवळचा असीरगड किल्ला घेतला आणि मुलगा दानियालच्या नावावरून मुलखाला ‘दानदेश’ म्हणायला लावलं. नाव काही टिकलं नाही. असीरगड मात्र एका दिवसाच्या सहलीत कोंबू नये. वीसेक किलोमीटर जाणं, वरची पायपीट, परत येणं, यात अर्धा दिवस जातो आणि शहर राहून जातं.

मोठी बस जुन्या गावाच्या गल्ल्यांत शिरत नाही. ती वेशीबाहेर लावायची आणि ऑटो करायचे. ऑटोमागे चार माणसं धरली तर चाळीस जणांना दहा ऑटो लागतात. शेवटच्या ऑटोत गाइडने स्वतः बसावं. तो पहिल्यात बसला की दहावा ऑटो भलत्याच दरवाजाशी जाऊन थांबतो.

जामा मशीद दुपारच्या नमाजाआधी बघावी, आणि शुक्रवारी बेत आखूच नये. चपला काढाव्या लागतात आणि अंगणातली फरशी अकरानंतर तापते. जाड मोजे जवळ असले तर माणूस आत निवांत फिरतो, नाहीतर टाचांवर उड्या मारत बाहेर येतो. अशा उड्या मारणाऱ्याला आतला संस्कृत शिलालेख कुठला दिसायला! अरबी लेखाच्या जोडीने मशिदीत संस्कृत लेख, ही बघण्यासारखी गोष्ट, तीच हुकते.

वेळ खरा खातो तो कुंडी भंडारा, म्हणजे जमिनीखालची जुनी पाणीयोजना. दोह्यांचा रहीम, म्हणजे अब्दुल रहीम खानखाना, इथला सुभेदार असताना 1615 च्या सुमारास हे काम झालं. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उतारावर शहराकडे आणलं. वरून दिसतात त्या ओळीने शंभरावर कुंड्या, एखाद्या विहिरीच्या कठड्यासारख्या. हवा आणि उजेड त्यांतूनच आत जातो. ऐंशी फुटांवर लिफ्टने उतरायचं. भिंतीला हात लावला तर दगड लागत नाही, पाण्यातल्या चुन्याचं पांढरं, खडबडीत पुट लागतं. आता हिशोब करा. एका खेपेला पाच जण आणि खेपेला दहा मिनिटं धरली तरी चाळीस जणांना ऐंशी मिनिटं, आणि वीज गेली तर देवाला ठाऊक. म्हणून लिफ्ट चालू आहे का, हे आदल्या दिवशी विचारून ठेवावं. वर थांबलेल्यांना कुंड्यांच्या ओळीने चालवत न्यावं, म्हणजे ‘भो, आखो कितलं थांबनं शे?’ (भाऊ, अजून किती थांबायचं?) हा प्रश्न निदान चालता चालता येतो.

हमामात जे सांगायचं ते बाहेरच सांगून घ्यावं. आत घुमटाखाली आवाज घुमतो आणि शब्दाचा काला होतो. निम्मी मंडळी आत, निम्मी तटावरून तापी बघत, मग अदलाबदल. छतावरचं रंगकाम अंधारात आहे. डोळे सरावायला दोन मिनिटं द्यावीत, पण गर्दीच्या दिवशी तेवढ्यात मागची तुकडी येऊन धडकते.

जेवणानंतर मावा जिलेबी. ती मंद आचेवर तळावी लागते, मावा चटकन करपतो, त्यामुळे घाई करून उपयोग नाही. माणशी शंभर ग्रॅम धरून चार किलो आधी सांगून ठेवली तर बरं.

निघताना डोकी मोजू नयेत, रिकाम्या सीट मोजाव्यात. डोकी हलतात. दोन सीट जास्त निघाल्या तर किल्ल्याकडे धावू नये, जिलेबीच्या दुकानात बघावं. मावशी घरच्यांसाठी पार्सल बांधून घेत असतात. ते पार्सल वरच्या रॅकवर ठेवू देऊ नका. पाक गळतो, आणि रावेर येईपर्यंत खाली बसलेल्याच्या टोपीत उतरतो.