खांदा दाखवायला गेले होते

मार्चपासून उजवा हात कानाच्या वर जाईना. केसांना क्लिप लावायची तर मुलीला हाक मारायची, कपडे वाळत घालायचे तर स्टुलावर चढायचं. बाम झाला, शेक झाला, शेजारच्या काकूंचं तेल झालं. शेवटी ठाण्यातल्याच एका मोठ्या रुग्णालयात हाडांच्या ओपीडीचा केसपेपर काढला.

डॉक्टरांनी हात दोन-तीन दिशांना फिरवून पाहिला आणि म्हणाले, "फ्रोझन शोल्डर आहे. शुगर कधी तपासली होती?" मी म्हटलं, दुसऱ्या बाळंतपणात. म्हणजे चौदा वर्षांपूर्वी! ते नुसतेच हसले. डायबेटिस असलेल्यांचा खांदा असा आखडण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, हे मला तेव्हा कळलं.

रक्त तपासणीच्या खिडकीपाशी आम्ही सहा जण बाकावर होतो. रांगेत वेळ जात नाही, म्हणून चौकशा झाल्या. एक काका मोतीबिंदूसाठी आले होते, पण साखर इतकी निघाली की ऑपरेशन पुढे ढकललेलं. एका बाईंच्या पायाची जखम महिनाभर भरत नव्हती. एक रिक्षावाले दादा नुसत्या थकव्यासाठी आले होते. सहापैकी तिघांना डायबेटिस होता, एकाला "बॉर्डरलाइन" सांगितलेलं आणि आम्हा दोघांचं ठरायचं होतं. मी अकाउंट्समधली, आकडे डोक्यात फिरायला लागले.

नंतर डॉक्टरांना विचारलं, अर्धं ठाणं गोड झालंय का? ते म्हणाले, ओपीडीवरून गावाचा हिशोब मांडू नका. इथे येणारा मुळात वयाने मोठा असतो, कसली ना कसली तक्रार घेऊन आलेला असतो, त्यामुळे इथे प्रमाण जास्तच दिसणार. घरोघरी जाऊन केलेली मोजणी आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या मधुमेहाच्या अभ्यासात आहे, 2023 साली प्रसिद्ध झालेली. वीस वर्षांवरच्या एक लाखाहून जास्त लोकांना तपासून त्यांनी देशासाठी काढलेला अंदाज असा: 11.4 टक्क्यांना मधुमेह, 15.3 टक्के त्याच्या उंबरठ्यावर. म्हणजे साधारण दहा कोटी आणि साडेतेरा कोटी. बाकावरचं गणित चुकीचं होतं हे ऐकून बरं वाटलं आणि खरा आकडा ऐकून ते बरं वाटणं गेलं.

माझा रिपोर्ट मात्र कोड्यात बोलत होता. उपाशीपोटी साखर 97, म्हणजे ठीक. शंभरच्या आत हवी. पण तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए1सी, 6.3. तिथे 5.7 पासून पूर्वमधुमेह धरतात आणि 6.5 ला मधुमेह. एक पास, एक नापास. डॉक्टरांनी मधलीच ओळ दाखवली: हिमोग्लोबिन 9.4. लोह कमी असलं की लाल पेशी जुन्या होऊन जास्त काळ रक्तात फिरतात, त्यांच्यावर साखर चढत राहते आणि एचबीए1सीचा आकडा असतो त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. तेव्हा जीटीटी करा, म्हणजे ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर बघायची तपासणी, म्हणाले.

इथून माझी खरी परीक्षा सुरू झाली. पास व्हायचं म्हणून मी तीन दिवस भात-पोळी बंद केली. खिडकीवरच्या सिस्टरने विचारलं, "जेवण नेहमीसारखं ना?" मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. असं केलं तर शरीराची सवय मोडते आणि ग्लुकोज प्यायल्यावर साखर उलट जास्त निघू शकते. परत पाठवलं.

पुढच्या आठवड्यात व्यवस्थित भात खाऊन, मग रात्रभर उपाशी राहून गेले. राखाडी टोपीच्या बाटलीत रक्त घेतलं. मग 75 ग्रॅम ग्लुकोज ग्लासभर पाण्यात. पाच मिनिटांत संपवायचं, वर दोन तास बसून राहायचं, फिरायचं नाही. लिंबू पिळलं होतं तरी तिसऱ्या घोटाला मळमळलं. 8.40 ला पहिला घोट घेतला, म्हणजे दुसरं रक्त 10.40 ला. 10.40 ला खिडकीवर कुणीच नव्हतं. मावशी म्हणाल्या, "चहाला गेलेत, येतील." आले 11.10 ला आणि रक्त घेऊन कागदावर बिनधास्त "दोन तास" लिहिलं. मी डॉक्टरांना खरी वेळ सांगितली. तो रिपोर्ट त्यांनी बाजूला ठेवला. अर्धा दिवसाची रजा, शिवाय पुन्हा तोच ग्लास. राग आला, पण भांडायला हात तरी वर जायला हवा!

तिसऱ्या खेपेला सगळं घड्याळावर झालं. दोन तासांनंतर 162. 140 ते 199 म्हणजे पूर्वमधुमेह. नुसती उपाशीपोटीची साखर बघून थांबले असते तर "सगळं नॉर्मल" म्हणून पेढे वाटले असते.

गोळी फक्त लोहाची मिळाली, तीही चहाबरोबर घ्यायची नाही अशा तंबीसह. बाकी वजन पाच-सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं. टेपने कंबर मोजली तर 91 सेंटीमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 ही मर्यादा. आता संध्याकाळी कचराळी तलावाला फेऱ्या मारते. पहिल्या आठवड्यात बाहेरच्या वडापावच्या वासाने दोनदा हरले.

चार महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.8, एचबीए1सी 5.9. जीटीटी वर्षाने. क्लिप आता माझी मी लावते, दोरीपर्यंत मात्र हात अजून पोचत नाही.

नवरा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आहे आणि पोट माझ्यापेक्षा पुढे. त्याच्या मागे लागले आहे. तो म्हणतो, "माझं दुखत काहीच नाही, केसपेपर कशाचा काढू?"