वॉरंटी संपून १९ दिवस आणि दिवाळी अंकाचे सात फर्मे

१६ सप्टेंबर २०१९, सोमवार. सकाळी साडेदहाला पेजमेकरमध्ये, म्हणजे पानं लावायच्या प्रोग्राममध्ये, फाइल सेव्ह केली आणि कर्सरचं चक्र फिरत राहिलं ते फिरतच राहिलं, मला वाटलं रॅम भरली असेल, म्हणून बाकीचं सगळं बंद केलं, तरी तेच. टास्क मॅनेजर उघडला तर डिस्क १०० टक्के आणि स्पीड मात्र शून्य. मग फॅन थांबल्यावर आवाज आला. टक्. थोडा वेळ शांत. परत टक्. डाव्या मनगटाखाली, बरोब्बर जिथे हार्ड डिस्क असते तिथे.

मी डोंबिवलीत घरून डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, स्मरणिका, संस्थांचे अहवाल, आणि जुलैपासून दिवाळी अंक. यंदा १६० पानांचा अंक हातात होता, म्हणजे सोळा पानांचे दहा फर्मे, त्यातले सात लावून झाले होते, आणि लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला. बॅकअप होता, पण गणपतीच्या आधीचा. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत लावलेलं सगळं फक्त ह्याच डिस्कवर. संपादकांकडे पीडीएफ प्रूफं गेलेली होती, पण पीडीएफवर मराठी अंक उभा करता येत नाही हे ह्या धंद्यातल्या लोकांना सांगायला नको, कारण आम्ही अजून जुन्या फॉन्टात काम करतो, युनिकोड नाही, आणि पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की अक्षरांच्या जागी नुसता कचरा येतो. परत टाइप करायचं म्हणजे लेखकांची हस्तलिखितं समोर घेऊन पहिल्या ओळीपासून.

लॅपटॉप घेतला होता २८ ऑगस्ट २०१८ ला. एक वर्षाची वॉरंटी. कॅलेंडरवर मोजलं, संपून १९ दिवस झालेले.

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला, अर्धा तास गाणं ऐकलं, मग एक मुलगा आला, शांतपणे बोलला, म्हणाला मॅडम, अठ्ठावीसला एक्स्पायर झालीये, आता पेड रिपेअर होईल. मी म्हटलं १९ दिवसांचाच तर प्रश्न आहे, काही बघता येईल का? नाही म्हणाला. मग डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकून बघितला, तिथे उत्तर आलं की ही डिस्क लॅपटॉप कंपनीला दिलेली आहे, वॉरंटीसाठी त्यांच्याकडेच जा. हे आधी माहीत नव्हतं. सुटी घेतलेली डिस्क आणि लॅपटॉपमधून आलेली डिस्क ह्यांची वॉरंटी वेगळी चालते.

राग आला होता आणि तो खराच होता. वर्षभरात डिस्क जाते म्हणजे काय? पण त्या मुलाने शेवटी जे सांगितलं ते दिवसभर डोक्यात राहिलं: वॉरंटीत असतं तरी मॅडम, आम्ही जुनी डिस्क जमा करून घेतो आणि नवीन कोरी बसवतो, डेटा कस्टमरची जबाबदारी. म्हणजे ज्या १९ दिवसांसाठी मी भांडत होते ते मिळाले असते तरी माझी ११२ पानं मिळाली नसती! वाचले असते ते चार-साडेचार हजार रुपये. तो फोन ठेवल्यावर मी वॉरंटीचा विषय सोडून दिला.

दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानात लॅपटॉप घेऊन गेले. तिथला मुलगा म्हणाला, ताई सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, ठेवून जा, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, सातशे रुपये. मी आवाज ऐकवला, तर म्हणाला मग चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासायचा प्रोग्राम) लावून बघू, बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे खराब झालेले कप्पे, दुरुस्त होतील. का कोण जाणे, लॅपटॉप उचलून घरी आणला आणि पुण्याला भाच्याला फोन केला, तो इंजिनिअरिंगला आहे.

"मावशी, आधी बंद कर तो. चेकडिस्क अजिबात चालवू नकोस."

"अरे पण दुरुस्त करतो ना तो?"

"तो फाइल सिस्टीम दुरुस्त करतो गं, डिस्क नाही. मरणाऱ्या डिस्कवर एक एक सेक्टर वाचायला लावतो, वर लिहीतही बसतो. त्यात तुझ्या फायलीच जातील."

बंद करायच्या आधी त्याने फक्त एक गोष्ट बघायला लावली, क्रिस्टलडिस्कइन्फो, डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम. पिवळ्या रंगात कॉशन. करंट पेंडिंग सेक्टर काउंट म्हणून एक ओळ असते, म्हणजे जे सेक्टर वाचता येत नाहीयेत आणि ज्यांचा निकाल अजून लागायचाय. तिथे ८८ दिसत होतं. भाचा म्हणाला ते हेक्समध्ये आहे मावशी, दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजतात, म्हणजे १३६. ही संख्या बऱ्याचदा आठच्या पटीत वाढते, कारण आत ४ केबीचा एक खरा सेक्टर असतो आणि बाहेर तो ५१२ बाइटचे आठ म्हणून मोजला जातो, म्हणजे माझे सतरा ठिकाणी खड्डे पडले होते. संख्या लहानच वाटते. पण तो खड्डा कोणत्या फाइलच्या पोटात आहे ते ह्या आकड्यावरून कळत नाही.

डेटा रिकव्हरीवाल्या एका ठिकाणी फोनवर विचारलं, पंधरा हजारांपासून पुढे. भाच्याचं म्हणणं होतं की डिस्क बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, नीट दिसतेय, सारखी टकटक करत नाहीये, तर घरी एक प्रयत्न करता येईल. एकसारखी टकटक असती किंवा दिसतच नसती तर हेड, म्हणजे डिस्क वाचणारी सुई, गेलेलं, मग हात न लावता सरळ लॅबमध्ये. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो म्हणून मुद्दाम लिहितेय.

मंगळवारी सकाळी डोंबिवलीहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, आणि चालत लॅमिंग्टन रोड. पितृपक्ष चालू होता. सासूबाई आदल्या रात्री म्हणाल्या की ह्या पंधरवड्यात नवीन वस्तू आणत नाहीत, मग माझ्याकडे बघून स्वतःच म्हणाल्या, जा तू, औषध काय मुहूर्त बघून आणतात होय! लॅपटॉपमध्ये बसवायला एक ५०० जीबीची एसएसडी (आत फिरणारं काही नसलेली डिस्क) आणि एक २ टीबीची बाहेरून लावायची डिस्क घेतली. १ टीबीची नाही, २ ची, कारण माझ्या १ टीबीच्या डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे सगळ्या डिस्कची हुबेहूब नक्कल असलेली एक फाइल, फॉरमॅट केलेल्या १ टीबीवर मावत नाही, थोडक्यासाठी राहते.

रात्री नऊला सुरुवात. भाचा फोनवर, लॅपटॉप लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम) पेन ड्राइव्हवरून चालू केलेला, म्हणजे विंडोजला उठूच दिलं नाही. पोळ्या गार करायची जाळी आहे ना, ती टेबलावर ठेवून त्यावर लॅपटॉप, खालून हवा लागावी म्हणून, आणि समोर टेबल फॅन. प्रोग्रामचं नाव डीडीरेस्क्यू. हा आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतो, अडलं की तिथे न थांबता पुढे उडी मारतो, आणि राहिलेल्या जागांकडे नंतर परत येतो, कुठे काय राहिलं ह्याची नोंद एका छोट्या मॅप फाइलीत ठेवतो, त्यामुळे मध्ये लाइट गेली तरी परत पहिल्यापासून नाही. फक्त कुठल्या डिस्कवरून कुठल्या डिस्कवर हे उलटं लिहिलं तर फायली वाचायच्या राहतात बाजूला, रिकाम्या डिस्कने त्याच पुसल्या जातात. भाच्याने मला दोन्ही डिस्कची साइज आणि सिरीयल नंबर कागदावर लिहायला लावले, मोठ्याने वाचून दाखवायला लावले, मगच एंटर.

पहाटे पाचला उठून बघितलं तर ९९ टक्क्यांच्या पुढे. मी तिथेच खुर्चीत बसून राहिले. उरलेल्यासाठी मात्र बुधवारचा अख्खा दिवस आणि रात्र, मधूनच टक्, आकडा सरकायचाच नाही, मग एकदम थोडा सरकायचा. गुरुवारी सकाळी जे उरलं होतं ते काही केबी होतं. केबी!

शनिवारी भाचा स्वतः आला, एसएसडी बसवली, आणि एक फार छान गोष्ट केली. इमेजमध्ये जिथे वाचता आलं नव्हतं त्या जागा त्याच प्रोग्रामने एका ठरावीक शब्दाने भरल्या, आणि मग सगळ्या फायलींमध्ये तो शब्द शोधला. चार फायली निघाल्या. विंडोजची एक, २०१६ ची एक लग्नपत्रिका, गावच्या जत्रेचा एक फोटो, आणि सहाव्या फर्म्यातली एक कथा. बाकी १०० च्या वर पानं जशीच्या तशी.

ती कथा उघडतच नव्हती. लेखिका सत्तरीच्या पुढच्या आहेत, फुलस्केपवर निळ्या शाईने लिहितात, समासात बाण काढून वाक्यं घुसवतात. हस्तलिखित माझ्याकडेच होतं. दोन दिवस लागले परत टाइप करायला, आणि प्रूफात त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या पीडीएफ समोर ठेवून पुन्हा घातल्या.

संपादकांना हे सगळं काल सांगितलं. आता रोज रात्री झोपायच्या आधी त्या दिवसाच्या फायली २ टीबीवर आणि शिवाय नेटवरच्या ड्राइव्हवर जातात, सासूबाई देवाजवळचा दिवा शांत झाल्यावर विचारतात, टाकलंस का गं? सहावा फर्मा आज दुपारी प्रेसला गेला, सातव्याची शेवटची दोन प्रूफं यायचीत, आठवा लावायला घेतलाय.